झेंडेवाला

आईचा फोन आला तेव्हा रविना दुकानात सलाइनचे खोके उचलून ठेवत होती. मुरबाडच्या बाजारपेठेत तिचं आणि नवऱ्याचं औषधांचं दुकान. सकाळची गिऱ्हाइकीची वेळ आईला चांगली ठाऊक होती. त्या वेळेला ती कधी फोन करत नसे.

"रविना, तुझा भाऊ परत ल्हान झालाय गो."

"म्हंजे?"

"माळ्यावरचा कंप्युटर खाली काढलाय. माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला. आता सकाळधरनं त्याच्याफुडं बसून गाडी गाडी खेळतो. कामावर जात नाय, जेवायला उठत नाय. तू ये. तुझं ऐकतो तो."

रविनाला हसू आलं. जगदीश म्हणजे चाळिशीला टेकलेला बाप्या, पडघ्याच्या गोदामात सुपरवायझर, आणि आता लवकरच बाप होणारा. त्याची बायको काजल बाळंतपणासाठी किन्हवलीला माहेरी गेलेली. घर रिकामं म्हणून जुन्या आठवणी काढून बसला असेल, झालं. खरं सांगायचं तर तिला आतून बरंच वाटलं. तो कंप्युटर चालू झालाय म्हटल्यावर तिची बोटं शिवशिवायला लागली.

रविवारी नवऱ्याला दुकानात बसवून ती स्कूटी घेऊन निघाली. सरळगाव, किन्हवली, मग शेणवा. पायाखालचा रस्ता. पण शेणव्याच्या अलीकडच्या वळणावर स्कूटी अशी काही उडाली की तिची पायाशी ठेवलेली पिशवी रस्त्यावर पडली. मुरूम आणि दगड टाकून कुणीतरी रस्त्याला आडवा बांध घातला होता. सरकारी गतिरोधक नव्हे, हातानं केलेला, ओबडधोबड. कडेला एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. रविनाकडे बघत होती. पिशवी उचलायला ती पुढे झाली नाही.

शहापुरात घरी पोचली तर उंबऱ्याबाहेरच तो आवाज आला. इंजिनाचा, बारीक, भुंगा डबीत कोंडल्यासारखा. वीस वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला.

वडील, म्हणजे अण्णा, तानसा तलावावर नोकरीला होते. त्यांनी कल्याणहून जुना कंप्युटर आणला तेव्हा आळीत कुणाकडे रंगीत टीव्हीसुद्धा धड नव्हता. जीपमध्ये गोधडीत गुंडाळून आणला, बाळंतिणीसारखा जपून. आईनं त्याला भरतकामाचं झाकण शिवलं. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, वर झेंडूचं फूल. सुरू करताना पडद्यातून धप्प असा आवाज यायचा आणि हात जवळ नेला की हातावरची लव उभी राहायची. अण्णांनी तो मुलांच्या अभ्यासासाठी आणला होता. अभ्यास किती झाला ते देव जाणे, पण त्यात आधीपासून एक गाड्यांचा खेळ होता आणि त्या खेळानं दोघा भावंडांची सुट्टी खाल्ली.

कीबोर्ड एकच. भांडणं झाली तशी अण्णांनी वाटणी करून दिली. डावं-उजवं जगदीशकडे, वेग आणि ब्रेक रविनाकडे. गाडी एक, डोकी दोन. "दाब, दाब!" "सोड, सोड!" असा गलका चालायचा की शेजारचे म्हणायचे, यांच्याकडे काय बैलांची शर्यत लागलीय काय. त्या खेळात डोंगराचा रस्ता होता, आणि एका वळणावर लाल सदरा घातलेला माणूस झेंडा हलवत उभा असायचा. त्याला धडक दिली की तो हवेत उडायचा, दोन कोलांट्या घ्यायचा आणि परत पायावर उभा राहून झेंडा हलवायला लागायचा. दोघं त्याला मुद्दाम उडवायचे आणि पोट धरून हसायचे. एकदा तर अण्णाही हसले होते. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

"दादा, जागा दे," रविना म्हणाली आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

जगदीशनं मान वळवली. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. पण हसला. "आलीस? बघ, तसाच हाय. सगळं तसंच हाय, रवी. एक रस्ता बदलला नाय."

पेटी पिवळी पडली होती. आतली डिस्क दळण दळल्यासारखी घरघरत होती. पण पडद्यावर तोच डोंगर, तेच निळं आभाळ, तीच लाल गाडी. रविनाची बोटं आपोआप आपल्या बटणांवर गेली, जगदीशची त्याच्या. पहिल्या फेरीला दोघं दोनदा दरीत गेले. दुसऱ्या फेरीला हात बसला. तिसऱ्यांदा ती ओरडायलाच लागली, "कापलं रे कापलं, त्या हिरव्याला मागं टाकलं!" आई दारात येऊन उभी राहिली आणि पदरानं तोंड पुसून आत गेली.

मग वळण आलं. झेंडेवाला उभा होता. रविनानं सवयीनं वेग वाढवला. जगदीशनं गाडी अशी काही डावीकडे ओढली की ती रस्ता सोडून, कठडा तोडून खाली गेली.

"अरे! काय केलंस?"

"परत."

परतही तेच झालं. वळण, लाल सदरा, आणि जगदीशची गाडी रस्ता सोडून दरीत. त्याचं बोट बटणावर इतकं रुतलं होतं की नख पांढरं पडलं होतं.

"दादा, त्याला काय होत नाय. उठतो तो. विसरलास?"

पडद्याच्या उजेडात त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. पुढच्या फेरीला तो आधीपासूनच म्हणायला लागला, "सोड. सोड, रवी. सोड ना!" तिला वाटलं, चेष्टा करतोय. लहानपणी करायचा तशी. तिनं नाही सोडलं. या वेळी गाडी सरळ गेली, झेंडेवाला उडाला, कोलांट्या घेतल्या, उभा राहिला, झेंडा हलवायला लागला.

जगदीश खुर्ची मागे पाडून उठला आणि मोरीत जाऊन ओकला.

"उन्हाचं होतं त्याला," आई लगबगीनं म्हणाली. कुणी काही विचारलंही नव्हतं. "पोटात काय नाय आणि डोळे फोडून बसतो. तू समजाव त्याला. उद्यापास्नं कामावर जा म्हणावं. लोकं इचारतात."

"गाडी कुठं हाय त्याची? दारात दिसली नाय."

आईनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. "हाय की. मागं."

रविना मागच्या दारानं बाहेर आली. गोठा जनावरं विकल्यापासून रिकामाच असायचा. आता तो पेंढ्यानं दारापर्यंत भरला होता. पेंढ्यामागे निळी ताडपत्री. तिनं दोन पेंढ्या ओढल्या आणि ताडपत्रीचं टोक उचललं. पुढचा डावा दिवा फुटलेला. बॉनेट आत गेलेलं, आणि दिव्याच्या खोबणीत वाळकी काटकी अडकलेली. सुताच्या दोरीचा तुकडा तिला अजून चिकटून होता.

"रानडुक्कर आडवं आलं," पाठीमागून आई म्हणाली. हाताला पीठ तसंच. "महिना झाला. इन्शुरन्सवाले खोड्या काढतात, म्हणून झाकून ठेवलीय."

रविना घरात आली. जगदीश पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं हळूच विचारलं, "दादा, गाडीला काय झालं?"

"भेकर होतं," तो भिंतीला म्हणाला. "एकदम आलं."

जेवताना तिनं भाकरी नुसतीच कुस्करली. डुक्कर वेगळं, भेकर वेगळं. शहापूरच्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही असं नव्हतं. आई ताटात वाढत राहिली, काजलच्या डोहाळजेवणाचं बोलत राहिली, आणि रविना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हीच ती आई. पण बोलता बोलता ती मध्येच थांबून रस्त्यावरची गाडी पुढं जाईपर्यंत कानोसा घ्यायची, हे रविनानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुपार कलली तशी ती निघाली. शेणव्यापुढच्या त्या दगडी बांधापाशी स्कूटी आपोआप हळू झाली. सकाळची बाई तिथेच होती, आता करवंदाच्या जाळीखाली बसलेली. रविनानं गाडी उभी केली.

"मावशी, हा बांध कोनी घातला?"

"आमीच. वाडीवाल्यांनी."

"का?"

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आमची ठकी उडवली हितं. मोळी घेऊन येत व्हती, दिवे लागायच्या टायमाला."

"गेली?"

"नाय. वर वाडीत पडलीय. जा, बघायचं तर."

तिनं जायला नको होतं असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण पाय गेले. टेकाडावर दहा-बारा घरांची वाडी, कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं. शेवटच्या घरात एक चाळिशीची बाई चटईवर टेकून बसली होती. उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेलेला. तिचा नवरा, धाऊ, दारात बसून काठी तासत होता. नव्हे, काठी नव्हती ती. कुबडी होती. घरीच केलेली.

"मी मुरबाडची. मेडिकल हाय माझं," रविना म्हणाली. ते खोटं नव्हतं. "पट्टी बघू का?"

ठकीनं बघू दिली. पट्टी स्वच्छ होती. रविनानं ती उगीचच सोडून परत बांधली, हाताला काम हवं म्हणून.

"डागतर बोलला, लवकर आनली असती तर पाय ऱ्हायला असता," धाऊ म्हणाला. "दूधवाल्या टेंपोनं बघितली तवा काळोख पडला व्हता. तवर पडूनच."

"पळून गेला तो," रविना म्हणाली. तिला ते नुसतं म्हणून टाकायचं होतं. अंधारात दिसलं नसेल, जनावर वाटलं असेल, आणि पळाला.

"नाय ना, ताई," ठकी म्हणाली. "थांबला व्हता."

रविनाचे हात थांबले.

"गाडी थांबली. मानूस उतरला. मोबाईलची बत्ती मारली माज्या तोंडावर. मोळी बाजूला केली त्यानं. माजं डोकं मांडीवर घेतलं. रडत व्हता तो, ताई, पोरासारखा. मला बोलला, नेतो तुला दवाखान्यात, नेतो. मला वाटलं, वाचले. तेवढ्यात फोन वाजला. हात रगतानं भरलेले, तर त्यानं तसाच तो खाली ठेवून बोटानं पीकर दाबला, मला समदं ऐकाया येत व्हतं. बाई व्हती कोन तरी. ह्यो सांगतो तिला, बाई पडलीय, जिती हाय. तर ती बोलली..."

ठकीनं तो आवाज काढला. वाडीच्या बायका नकला करण्यात तरबेज असतात. तिनं तो हुबेहूब काढला, अर्धा दटावणारा, अर्धा चुचकारणारा.

"'कोन हाय का तिथं? नाय ना? मंग गाडीत बस नि घरी ये. तुला तुज्या होनाऱ्या पोराची आन हाय, जगू.'"

रविनाला आपण पट्टीची गाठ मारली की नाही तेही आठवलं नाही. ती उठली तेव्हा ठकी म्हणाली, "त्यानं माजं डोकं हळू खाली ठेवलं बगा. दगडावर नाय ठेवलं. गवतावर ठेवलं."

ती मुरबाडला गेली नाही. स्कूटी परत शहापूरकडे वळवली.

घरात तोच आवाज चालू होता. तिनं दारातच सांगितलं, "ठकी नाव हाय तिचं. पाय कापलाय मांडीतनं. मी बघून आले."

जगदीशची बोटं थांबली. पडद्यावरची गाडी आपल्या आपण कठड्याला लागून उभी राहिली. आई स्वयंपाकघरातून आली, दोघांच्या मध्ये.

"रविना, तू मुरबाडची हायस आता. तिकडचं बघ."

"आई, तो थांबला होता. तो तिला नेणार होता. तू—"

"हो, मी!" आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. त्याचंच रविनाला भय वाटलं. "मीच सांगितलं. अण्णा गेल्यावर ह्या घराचं मी बघितलं. काजलच्या पोटात पोर हाय. बाप तुरुंगात गेला तर ते पोर कुणाच्या तोंडाकडं बघणार? ती वाडीतली बाई, तिला रोजचं पडणं-झडणं. जगली ना? मग झालं."

"झालं?"

"झालं."

जगदीश पडद्याकडे बघतच बोलला. "रवी, ह्यात किती वेळा उडवला आपण त्याला. मोजलं तर हजार. एकदा पण रगत आलं नाय." त्यानं गाडी परत रस्त्यावर आणली. "मी रोज तिथनं नीट जायचं बघतो. जमतच नाय. तू सांग ना, काय करू? तेव्हा तूच सांगायचीस."

"मी नाय सांगणार," रविना म्हणाली. तिला रडू फुटत होतं. "मी पोलिसांकडं चाललेय. तू येतोस तर ये."

ती अंगणात येऊन उभी राहिली. आत आईचं कुजबुजणं चालू होतं, न थांबणारं, पाळण्यापाशी म्हणतात तसं. मग पत्र्याचा डबा पडल्याचा आवाज झाला. तांदळाचा डबा. गाडीची चावी आईनं त्यात पुरली होती. मागच्या दाराची कडी वाजली, आणि गोठ्यात इंजिन घरघरलं.

पेंढा उधळत गाडी बाहेर आली. एका डोळ्यानं आंधळी, तोंड चेपलेली. आई बॉनेटवर हात आपटत बरोबर धावली, "जगू! अरे जगू!" फाटकाशी तिचा हात सुटला. जगदीशनं बहिणीकडे पाहिलंही नाही.

रविनानं स्कूटीला किक मारली. बटणानं चालू होते ही आठवणच राहिली नाही. चौकात गाडी थांबली. सरळ हायवे, हायवेपलीकडे तानसाचा रस्ता, अण्णांचा तलाव, अथांग खोल पाणी. डावीकडे शेणवा. मागचे हॉर्न देत होते आणि गाडी तशीच उभी होती. तिच्या ओठांवर 'सोड, सोड' आलं पण कुणाला म्हणायचं ते तिला कळेना.

गाडी शेणव्याकडे वळली.

तिला वाटलं, आता हा सुसाट सुटणार. कुठल्या तरी झाडावर घालणार. पण गाडी हळू चालली होती. सायकलवाला पुढं जाईल इतकी हळू. डंपर हॉर्न मारत, शिव्या देत ओलांडून गेले. एसटीनं अंगावर धूळ उडवली. तरी जगदीश त्याच चालीनं, रस्त्याच्या मधोमध, मयतामागं चालल्यासारखा, आणि त्याच्या मागे रविना. उन्हं उतरली. शेतांवरून धूर पसरला. भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं, ती वाढतच गेली.

दगडी बांधापाशी गाडी थांबली. करवंदाच्या जाळीखालची बाई उठून उभी राहिली. तिनं फुटलेला दिवा पाहिला, बॉनेट पाहिलं, आणि वाडीकडे तोंड करून एक लांब हाक दिली.

माणसं उतरली. बाप्ये, बायका, कुणाच्या हातात कोयती, कुणाच्या हातात काही नाही. कुणी शिवी दिली नाही. ती सगळी गाडीभोवती उभी राहिली, आणि जगदीश आत स्टिअरिंग धरून बसून राहिला. रविना माणसांतून वाट काढत पुढं झाली. तिला वाटलं, आता पहिला दगड पडेल, आणि मग कुणाच्या बापाला आवरणार नाही.

धाऊनं दार उघडलं. "उतर."

जगदीश उतरला. धाऊनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला टेकाडावर नेलं. मागून सगळी वाडी. ठकी दारापर्यंत सरकत आली होती. तिनं कंदील वर धरला, त्याच्या तोंडावर, आणि बराच वेळ बघितलं.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच थांबला व्हता."

पोलीस येईपर्यंत जगदीशला त्यांनी अंगणात बसवून ठेवलं. कुणी हात लावला नाही. पाणी मात्र कुणी विचारलं नाही.

पुढे केस झाली, गाडी जप्त झाली, नोकरी गेली. जामिनावर सुटून जगदीश घरी आला, आणि तारखांना जाऊ लागला. जबाबात ठकीनं फोनवरच्या बाईचं सांगितलं होतं. जगदीश म्हणाला, फोन कुणाचा नव्हता, गाडीतला रेडिओ असेल. साहेबांनी रविनालाही विचारलं, "तुम्हाला काही माहिती? तो आवाज कुणाचा असेल?" समोर ठकी बाकावर बसली होती, कुबडी मांडीवर आडवी घेऊन. रविना म्हणाली, "नाय. मला काय ठाऊक नाय." ठकीनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. गुन्हा मान्य करणारा माणूस समोर होता, त्यामुळे फोनचं पुढं कुणी मनावर घेतलं नाही. आईला हे कुणी सांगितलं नाही, आणि रविनाचा फोन तर आई उचलतच नव्हती.

काजलला मुलगी झाली. बारसं किन्हवलीला, माहेरीच. रविना सगळ्यात मागून गेली. अंगण बायकांनी भरलं होतं. आई पाळण्यापाशी बसली होती, नव्या लुगड्यात, आणि बाळ एकेकीच्या ओटीत देत होती. फिरत फिरत बाळ रविनाच्या शेजारणीपर्यंत आलं. रविनानं हात पुढे केले.

"तिच्याकडं नको," आई म्हणाली. आवाज साधा, घरच्यासारखा. "ती आपलं माणूस दुसऱ्याला देऊन टाकते."

'फोनवर तू होतीस ते मी नाय सांगितलं,' असं रविनाच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. काजलनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे, आणि उठून बाळ स्वतःकडे घेतलं.

"निजू दे तिला आता," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. सासूलाही तिनं आत बोलावलं नाही. घुगऱ्या वाटल्या गेल्या. रविनाच्या दोन्ही बाजूंच्या बायका जरा जरा सरकून बसल्या होत्या.